‘कधीमधी घेतो’ या उत्तरानंतरचे मृत्युपत्र

मंगळवार, दिनांक २१ जानेवारी २०२५ रोजी सकाळी सव्वाअकरा वाजता, रुग्णालयाच्या तळमजल्यावर नोंदणीच्या टेबलाशी उभे राहून माझ्या धाकट्या मुलाने माझ्या थोरल्या मुलाबद्दल एक वाक्य उच्चारले. टेबलापलीकडच्या सिस्टरने विचारले होते, "पेशंट दारू घेतात का?" धाकटा म्हणाला, "कधीमधी घेतो. सोशल." त्या वेळी मी आणि माझी सून एक्स-रेच्या खोलीबाहेर स्ट्रेचर धरून उभ्या होतो. समोरच्या भिंतीवर घड्याळ होते, म्हणून वेळ मला माहीत आहे. वाक्य मात्र नंतर कळले, तेव्हा त्याचा उपयोग उरला नव्हता.

या वाक्यामुळे मी नवे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे आधीचे मृत्युपत्र, ज्यात व्यवस्थापक म्हणून धाकट्याची नेमणूक होती, ते रद्द समजावे. यापुढे व्यवस्थापक माझ्या वकीलबाई.

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, वर्तमानपत्रातून निवृत्त झालेली मुद्रितशोधक. वकीलबाईंनी दिलेल्या मसुद्यात पुढचे वाक्य असे होते: ‘पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली अथवा कोणत्याही नशेच्या अमलाखाली नसताना हे लिहून ठेवीत आहे.’ छापील वाक्य आहे, सगळेच लिहितात. मी ते पुन्हा पुन्हा वाचले. ‘शुद्धीत’, मान्य. ‘दडपणाखाली नसताना’, मान्य. मला दडपणारा माणूस अजून जन्मायचा आहे. ‘नशेच्या अमलाखाली नसताना’, हेही मान्य, आणि माझ्या दोन मुलांपैकी एकालाही हे वाक्य खरेपणाने लिहिता आले नसते, हे इथे नोंदवते. ‘स्वखुशीने’ हा शब्द मी खोडला आहे. खुशीचा इथे काही संबंध नाही.

माझ्या माणसांची ओळख. माझे पती फर्निचर करत. त्यांचा गाळा त्यांच्यामागे माझ्या नावावर आला. ते गेले ते दुपारी आरामखुर्चीत, पेपर वाचता वाचता, कोणाला त्रास न देता. दारूचा थेंब त्यांनी कधी घेतला नाही. तेव्हा ‘बाप तसे बेटे’ ही म्हण आमच्या दाराशी कोणी आणू नये. थोरला एका आर्किटेक्टच्या कार्यालयात नकाशे काढत असे. त्याची बायको, म्हणजे माझी सून, चष्म्याच्या दुकानात नोकरी करते. त्यांची मुलगी सोळा वर्षांची. लहानपणी तिने शर्टाचे बटण गिळले तेव्हापासून तिला सगळे ‘बटण’च म्हणतात. धाकटा गाळा चालवतो. त्याची बायको निघून गेली. शहाणी निघाली.

माझे स्वतःचे शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाले. तिथल्या सिस्टर वाक्याचे तुकडे करून फळ्यावर मांडत: कर्ता, कर्म, क्रियापद. कर्म गाळले की बोटांवर पट्टी. सासरी मला ‘मडम’ म्हणत. ही मडम मराठीत काय दिवे लावणार, असे माझे दीर म्हणाले होते. पुढे ते ज्या वर्तमानपत्रातले अग्रलेख मोठ्याने वाचून दाखवत, त्यातल्या वेलांट्या नोकरीभर मीच सरळ करत होते.

हे सांगायचे कारण असे की आमच्या घरातल्या एका वाक्याला कर्म नव्हते. ‘घेतो.’ काय घेतो? ‘आज बसलेत.’ कशाला बसलेत? ‘जरा जास्त झाली.’ काय जास्त झाली? ‘चढलीये त्याला.’ ताप चढला की जिना? लोकांच्या वाक्यातले राहिलेले शब्द घालण्यात माझा जन्म गेला. घरच्या या वाक्यात एकच शब्द घालायचा होता. मी तो घातला की धाकटा तोंड वाकडे करी. "आई, शी! दारू काय म्हणतेस? तो काय गुत्त्यावर जातो का?"

गुत्त्यावर जात नव्हता. घरीच पीत होता, काचेच्या पेल्यातून. पोटात गेल्यावर पेला कुठला होता हे यकृताला कळत नाही.

आता काय घडले ते. त्या मंगळवारी सकाळी थोरला बाथरूममध्ये पडला आणि मांडीचे हाड मोडले. आम्ही त्याला रुग्णालयात नेले. हाडाचे डॉक्टर चांगले होते. पाय ताणून बांधला, वेदनेचे औषध दिले, शस्त्रक्रियेची तारीख ठरवली. दुसऱ्या दिवशी त्याला घाम फुटू लागला, हात थरथरू लागले. सिस्टर म्हणाली, दुखतंय म्हणून. दारूचे टेबलाशी सांगून झाले आहे, असे आम्ही दोघी धरून चाललो होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी तो मला म्हणाला, "आई, छताची रेघ वाकडी आहे. पुस ती. साहेब येतील." मी वर पाहिले. छत कोरे होते. मग तो पांघरुणावर बोटाने रेघा मारू लागला, एक झाली की दुसरी, आणि प्रत्येक रेघ चुकली म्हणून रडू लागला. सलाइनची सुई उपटली. त्याचे हात पलंगाला बँडेजने बांधावे लागले. संध्याकाळी झटका आला, त्यातच उलटी झाली आणि ती फुप्फुसात गेली.

अतिदक्षता विभागाचे डॉक्टर बाहेर आले, ते चिडलेले होते.

"हे रोज पीत होते?"

"रोज," सून म्हणाली. "सकाळपासून."

"मग इथे ‘कधीमधी’ कोणी लिहायला लावलं? रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली की मेंदू पेटतो, बाई. आम्हाला माहीत असतं तर पहिल्याच दिवशी त्याचं औषध सुरू केलं असतं!"

आम्ही दोघींनी मान वळवून धाकट्याकडे पाहिले. तो मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होता. स्क्रीन बंद होती.

औषध मिळाले असते तर थोरला वाचला असता, असे मी लिहीत नाही. यकृताचे आधीच लाकूड झाले होते, हे डॉक्टरांनी नंतर शांतपणे समजावून सांगितले. वर्षभरात त्याला जावेच लागले असते कदाचित. पण माझा मुलगा हात बांधलेल्या अवस्थेत, न मारलेल्या रेघांची माफी मागत गेला. ते टाळता आले असते. शुक्रवारी, ३१ जानेवारीला तो गेला.

रविवारच्या पेपरात, ज्या पेपरात मी नोकरी केली त्याच पेपरात, धाकट्याने जाहिरात दिली. ‘अल्पशा आजाराने दुःखद निधन.’ नकाशावरच्या रेघा थरथरू लागल्या तेव्हा बटण जेमतेम चालू लागली होती. आज ती दहावीत आहे. एवढा तो अल्पसा. मी कार्यालयात फोन केला. एक तरुण मुलगा होता.

"मॅडम, अशी दुरुस्ती आम्ही छापत नाही. बदनामी होते."

"कोणाची?"

"मयताची."

"मी मयताची आई बोलतेय."

"हो, पण जाहिरात ज्यांनी दिली, त्यांनीच दुरुस्ती द्यायला हवी ना."

मुलगा नियमाने बोलत होता. तो नियम माझ्याच काळात झाला. मी फोन ठेवला आणि तो हट्ट सोडला. मेलेल्या माणसाची दुरुस्ती निघत नाही. जिवंत माणसाची निघते का, तेवढाच प्रश्न आता माझ्यापुढे आहे, आणि तो प्रश्न धाकट्याचा आहे.

येथून वाटप.

कलम पहिले. राहते घर, तिसऱ्या मजल्यावरचे, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि सज्जा, आतल्या सामानासह माझ्या सुनेला. बिनशर्त. तिने विकावे, भाड्याने द्यावे, पुन्हा लग्न करून नवऱ्याला इथे आणावे, किंवा एकटीने सज्जात पाय पसरून बसावे. ‘घराण्याची वास्तू परक्या पोरीच्या घशात घातली’ असे म्हणणारे निघतील. त्यांना विचारावे की इथल्या फरशीवरची ओकारी वर्षानुवर्षे परक्या पोरीने पुसली, तेव्हा घराणे कुठे होते?

घर घेणाऱ्याला दोष आधी सांगावेत, म्हणून सांगते. बाथरूमच्या दाराला आतून कडी नाही. सुनेने ती काढून टाकली, कारण तो आत पडला की दार फोडावे लागे. त्यामुळे बटण अंघोळीला गेली की तिची आई बाहेर दाराला पाठ लावून खुर्चीवर बसे. मुलगी मोठी झाली तरी बसे. तो गेल्यानंतरही ती पुढचे काही दिवस तशीच बसत होती. मी म्हटले, "अगं, आता कोण येणार आहे?" तेव्हा तिला आठवले. ती कडी मी असताना किंवा माझ्यामागे, पण बसवून घ्यावी.

कलम दुसरे. थोरल्याची नकाशाची हत्यारे, म्हणजे टी-स्क्वेअर, कंपासची पेटी, शाईची पेने, सगळे बटणला. तिला या कामात रस नाही, हे मला ठाऊक आहे. तरी तिने ठेवावीत. आपला बाप हा काही जन्मतः पडीक माणूस नव्हता, याचा एवढाच पुरावा शिल्लक आहे. त्याने फूटपट्टी न लावता मारलेली रेघ आणि पट्टी लावून मारलेली रेघ यांतला फरक मला भिंगातूनही ओळखू येत नसे.

पुढे सकाळी त्याचा हात एवढा थरथरे की कप बशीवर वाजे. मग तो म्हणे, "जरा खाली जाऊन येतो." परत आला की हात स्थिर. जी दारू हात हलवत होती, तीच हात थांबवत होती. अशा सावकाराच्या तावडीतून कोण सुटले आहे? कार्यालयातल्या साहेबांनी त्याला नोकरीवरून काढले नाही, असे ते अजून अभिमानाने सांगतात. खरे आहे. त्यांनी आधी नवे काम काढून घेतले, मग जुने काम, मग टेबल. शेवटी तो झेरॉक्सच्या मशीनशेजारी स्टुलावर बसू लागला आणि एक दिवस स्वतःच घरी राहिला.

चेहरा सुजला तेव्हा नातेवाईक म्हणाले, तब्येत सुधारली हो! मग हातापायांच्या काड्या झाल्या आणि पोट पुढे आले. त्यात पाणी होते. दवाखान्यात सुईने काढायचे आणि ते पुन्हा भरायचे. पायांतली संवेदना गेली. चप्पल रस्त्यात निघून पडली तरी त्याला कळत नसे, एका पायात चप्पल घालून घरी येई आणि शेजारची मुले हसत. डोळे पिवळे झाले ते सुनेने सर्वांत आधी ओळखले. दिवसभर लोकांचे डोळे बघणारी बाई ती. तिने त्याला खिडकीशी नेले, पापणी खाली ओढून पाहिली आणि चहाचे आधण ठेवले.

बटणने शाळेत सांगून ठेवले होते की बाबा परदेशात असतात. तिच्या बाईंनी मला एकदा गाठले. "मुलगा सुट्टीवर कधी येणार तुमचा?"

घरी येऊन मी नातीला हे सांगितले. ती गोरीमोरी झाली. "आजी, मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, तिकीट मिळत नाहीये."

ती हसली आणि हसता हसता उठून आत गेली. त्यानंतर आम्ही दोघींनी तो विषय काढला नाही. त्याच्या नावाने पेपरात जाहिरात आली तेव्हा वर्गातल्या एकीने तिला विचारले म्हणे, परदेशातून आणलं का गं त्यांना?

बँकेतली ठेव बटणच्या शिक्षणासाठी. तिने काय शिकावे यावर कोणाचे मत घेऊ नये. माझेही नाही.

कलम तिसरे. बैठकीच्या खोलीतले शिसवी कपाट. हे धाकट्याने स्वतःच्या हाताने थोरल्याला चाळिसाव्या वाढदिवसाला करून दिले. आत छोटा दिवा, बाटल्यांना खाचा, पेले उलटे टांगायला पितळी पट्टी. वडिलांचे कसब हातात आहे, हे मी नाकारत नाही. सांध्यात नखसुद्धा शिरत नाही. हे कपाट धाकट्याला परत. बाटल्या मी मोरीत रिकाम्या केल्या आहेत, तेव्हा ते रिकामेच मिळेल. त्याने ते विकू नये. दुसऱ्या कोणाच्या घरी ते गेलेले मला चालणार नाही.

कलम चौथे. माझ्या दिरांना काही नाही. थोरला एका लग्नात पिऊन पहिल्यांदा कोसळला, तेव्हा ते म्हणाले होते, "वहिनी, पुरुष माणूस आहे, चालायचंच. तुम्ही फार ताणता." हा सल्ला मी एकदाही वापरला नाही, आहे तसा, घडी न मोडता, परत करत आहे.

‘शुक्रवारची मंडळी’ या नावाने घरी प्यायला येणाऱ्या थोरल्याच्या मित्रांनाही काही नाही. अंत्यसंस्कार करून परतल्यावर संध्याकाळी हीच मंडळी धाकट्याबरोबर गच्चीवर जमली. मी पाण्याची टाकी बघायला वर गेले, तर मधोमध बाटली आणि एक भरलेला पेला वेगळा ठेवलेला. मी विचारले, हा कोणाचा? एक जण रडतच म्हणाला, "काकू, त्याचा. त्याच्या आठवणीत." मी तो पेला उचलून कठड्यावरून ओतला. खाली कोणी असेल तर असो. त्यातले एक जण माझ्यामागे म्हणाले, "दुःखानं डोकं फिरलंय म्हातारीचं." डोके फिरलेले नाही, हे वर लिहून दिले आहे आणि खाली दोन साक्षीदार त्याला सही करणार आहेत.

कलम पाचवे. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. त्याचे कागद वकीलबाईंकडे आहेत. थोरल्याचे यकृत बदलायची गोष्ट निघाली तेव्हा मी माझे देऊ केले होते. डॉक्टरांनी माझे वय विचारले आणि पेन खाली ठेवले. शिवाय आधी सहा महिने दारू पूर्ण बंद लागते म्हणाले. थोरला परतीच्या रिक्षात म्हणाला, "आई, सहा महिने जमलं असतं तर यकृत कशाला लागलं असतं गं?" एवढे स्पष्ट वाक्य तो अनेक वर्षांत बोलला नव्हता. तेव्हा माझे यकृत विद्यार्थ्यांनी बघावे. कोणाच्या उपयोगी पडले नाही, निदान धड कसे दिसते ते तरी कळेल.

कलम सहावे. माझ्या निधनाची जाहिरात द्यायची असल्यास ती सुनेने द्यावी. ‘अल्पशा’, ‘प्रदीर्घ’, ‘दुःखद’, काही नको. वय आणि तारीख पुरे. भिंग आणि शब्दकोश सुनेकडे राहावेत. भिंग चष्म्याच्या दुकानात तिला उपयोगी पडेल, शब्दकोशाने दार अडवून ठेवता येते.

कलम सातवे. गाळा. हे कलम लिहायला मला सगळ्यांत वेळ लागला.

मागच्या रविवारी सकाळी धाकटा आला. बूट काढून कोचावर बसला. तोंडात पेपरमिंट होते. मोजे खाली सरकलेले, आणि मोज्याच्या रबराने घोट्यावर एवढी खोल खाच पाडली होती की ती मला समोरून, भिंगाशिवाय दिसली.

"पाय सुजलेत तुझे."

"दुकानात उभं राहावं लागतं गं."

"दाखव इकडे."

"आई, सुरू करू नकोस. मी त्याच्यासारखा नाहीये. मी पोटभर जेवून घेतो. सकाळी कधी घेत नाही."

"आत्ता किती वाजलेत?"

"आज रविवार आहे."

मी बोट लावून दाबले. बोट उचलले तरी खड्डा तसाच राहिला. थोरल्याच्या पायावर असा खड्डा मी पुष्कळदा पाहिला होता, त्यामुळे कोणाला विचारायची गरज पडली नाही. मग मी ते विचारले, जे जानेवारीपासून विचारले नव्हते. "त्या दिवशी टेबलाशी तसं का बोललास?"

त्याने मोजा वर ओढला. "मग काय सांगायचं होतं? चार लोकांसमोर? माझा भाऊ बेवडा आहे?"

"हो."

"तुझं बरं आहे, आई. तुझ्या जिभेला हाड नाही. आणि खरं सांगू? बोलताना मला ते खोटं वाटलंच नाही. तेवढी तर दिवसाला मीपण..."

वाक्य तिथेच टाकून तो उठला, बूट घालायला गेला. नाडी बांधता येईना. मी पाहत होते, हे त्याला कळत होते. शेवटी नाड्या तशाच बुटात कोंबून तो जिना उतरला.

म्हणजे लाज राखायला तो खोटे बोलला, हे माझे मत चुकीचे होते. तो त्याच्या मापाने खरेच बोलला होता. ज्याचा स्वतःचा पेला कधी रिकामा होत नाही, त्याला दुसऱ्याचा ओसंडलेला पेला अर्धाच दिसतो. हे कळल्यावर माझा राग निघून गेला असता तर बरे झाले असते. राग आहे तसाच आहे, फक्त आता त्याच्याखाली काही नाही. आधी मला वाटत होते की एक मुलगा गेला आणि एक मुलगा खोटारडा निघाला. आता मोजदाद वेगळी दिसते.

तर, गाळा धाकट्याला, पण अटीवर. व्यसनमुक्ती केंद्रात त्याच्यासाठी सोमवार, ५ मेपासून जागा सांगून ठेवली आहे. तो तिथे दाखल झाला, तिथल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याची दारू सुटली आणि त्यांनी पाठवल्यावर परत आला, तर गाळा त्याचा. देखरेखीखाली, हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. उद्या जोश चढला म्हणून घरी बसून एकदम बंद करू नये. एकाचे काय झाले ते आपण पाहिले. दाखल झाला नाही, तर माझ्यामागे गाळा विकून पैसे बटणच्या ठेवीत घालावेत.

कलम आठवे. हे कलम माझ्या मसुद्यात नव्हते. वकीलबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "आणि ते आधी गेले तर?"

"कोणाच्या आधी?"

"तुमच्या."

"अहो, तो बेचाळीस वर्षांचा आहे."

"म्हणून तर विचारतेय, मॅडम. मागच्या आठवड्यात ते दारात उभे होते, तेव्हा मी पाहिलं त्यांना."

चौऱ्याहत्तराव्या वर्षी आईने हे वाक्य स्वतःच्या अक्षरात लिहावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. मी लिहीत आहे. माझा धाकटा मुलगा माझ्या हयातीत मरण पावल्यास गाळा माझ्या नातीला मिळावा. कर्ता, कर्म, क्रियापद सगळे जागेवर आहे. वाक्यात एकही चूक नाही. मी ते तपासले आहे.

मला आशा आहे असे कोणी समजू नये. थोरल्याच्या वेळी मी आशा बाळगली होती. ती शेवटपर्यंत पुरली आणि तिने काहीही केले नाही.

वरील सर्व मजकूर माझ्या हस्ताक्षरात आहे. तो मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली. दोन्ही साक्षीदारांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही.

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: गुरुवार, २० मार्च २०२५

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार पहिल्या: (सही) तळमजल्यावर राहणाऱ्या निवृत्त परिचारिका. वाचताना बाईंचा आवाज स्थिर होता, कलम आठवे सोडून.

साक्षीदार दुसरे: (सही) कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक.

या मृत्युपत्राची एक प्रत धाकट्याला आजच पोचती केली आहे. त्यासोबत त्याला कळवण्यात येते ते असे. कलम आठवे पुरवणीपत्राने काढून टाकता येते, असे वकीलबाई सांगतात. तू केंद्रात दाखल झालास, तर ते मी काढीन. तेव्हा ५ मे रोजी जाणार की नाही, ते लेखी कळवावे. फोन करू नये. ‘बघू’, ‘पुढच्या महिन्यात’, ‘तू काळजी करू नकोस’ ही उत्तरे आलीच नाहीत असे धरले जाईल. होय असेल तर होय लिही. नाही असेल तर तेही लिही, मी वाचीन. उत्तर बुधवार, दिनांक ३० एप्रिल २०२५, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत पोचले पाहिजे. पोस्टाने नको, दुकानातल्या माणसाबरोबर नको. स्वतः ये, आणि माझ्या हातात दे.